ब्रेस्लाऊ १९४५ लाच पोलंडकडे गेलं, मग पोपनी १९७२ पर्यंत का थांबवलं?

तुम्ही विचारलंय की जर्मनी हरल्यावर ब्रेस्लाऊ म्हणजे आजचं व्रोत्सवाफ पोलंडला मिळालं, तरी रोमने, म्हणजे पोपच्या कारभाराने, तिथला धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला मुलूख) २७ वर्षं जर्मनच का धरला, पोपचा ओढा जर्मनांकडे होता का?

ओढ्यापेक्षा कागदाचा घोळ जास्त. गावाकडे कसतो एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचंच, तसलं प्रकरण. १९४५ ला पोट्सडॅमच्या बैठकीत जेत्या राष्ट्रांनी ओडर आणि नायसे नद्यांच्या पूर्वेचा मुलूख पोलंडच्या कारभाराखाली दिला पण पक्की सीमा शांतता करारात ठरवू म्हणाले, आणि तो करार काही झाला नाही. रोमचा रिवाज असा की देशादेशांत करार होऊन मंजूर झाल्याशिवाय धर्मप्रांताची हद्द हलवायची नाही.

पण लोकं थोडीच थांबतात. जर्मन हाकलले जात होते, त्यांच्याच चर्चमध्ये पूर्वेकडून उठून आलेले पोलिश येऊन बसत होते, त्यांचे बाप्तिस्मे, लग्नं कोण लावणार? ब्रेस्लाऊचे कार्डिनल बेर्ट्राम ६ जुलै १९४५ ला वारले, तिथल्या धर्मगुरूंनी पिऑन्टेक यांना हंगामी कारभारी निवडलं, तर ऑगस्टमध्ये पोलंडचे कार्डिनल ह्लोंड येऊन थडकले आणि पोपची तशी इच्छा आहे म्हणून पिऑन्टेककडून कारभार सोडवून घेतला. ह्लोंडना रोमने खास अधिकार दिले होते हे खरं, पण ते इथवर पोचत होते का यावर अजून भांडणं चालतात, माझ्या मते त्यांनी ते बरेच ताणले. मग १५ ऑगस्टला व्रोत्सवाफ, ओपोले, गोझूव, ग्दान्स्क, ओल्श्टिन अशा पाच ठिकाणी माणसं नेमली, पण बिशप म्हणून नाही, नुसते प्रशासक. ग्दान्स्कचे जर्मन बिशप स्प्लेट पोलंडच्या तुरुंगात गेले, तरी १९६४ ला मरेपर्यंत कागदोपत्री बिशप तेच. हे 'तात्पुरतं' प्रकरण कम्युनिस्ट सरकारला इतकं खुपलं की जानेवारी १९५१ ला त्यांनी पाचही प्रशासकांना हुसकावून लावलं.

आता ओढ्याचं. पूर्वेला पोलंडचं ल्वूव (आजचं युक्रेनमधलं ल्वीव) सोव्हिएतकडे गेलं, तिथले आर्चबिशप बाझियाक १९४६ ला लुबाचूव नावाच्या लहानशा गावात येऊन राहिले, कारण त्यांच्या धर्मप्रांताचा तेवढाच तुकडा पोलंडात उरला होता. तिथेही रोमच्या वहीत ल्वूव ते ल्वूवच. म्हणजे जो नियम पश्चिमेला पोलिशांना जाचला तोच पूर्वेला त्यांच्या कामी आला, हे कोणी फारसं सांगत नाही.

गाठ सुटली ती पश्चिम जर्मनी आणि पोलंड यांच्यातल्या वॉर्सा करारामुळे. सही डिसेंबर १९७० ची, अंमल जून १९७२ पासून, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला पोप पॉल सहावे यांनी हद्दी नव्याने आखल्या, पोलिश बिशप कोमिनेक व्रोत्सवाफचे रीतसर आर्चबिशप झाले. ब्रेस्लाऊच्या जुन्या धर्मप्रांताचा नायसेच्या पश्चिमेला जर्मनीत उरलेला तुकडा म्हणजे ग्योर्लित्स, त्याला मात्र धर्मप्रांत व्हायला १९९४ उजाडलं.

आणि लांब कशाला, गोव्यातही हेच झालंय. आर्चबिशप अल्व्हेर्नाझ १९६२ ला निघून गेले पण पद सुटलं १९७५ ला, पोर्तुगालने गोवा भारताचा मान्य केल्यावर. मधल्या काळात प्रशासकच, पूर्ण आर्चबिशप म्हणून राऊल गोन्साल्विस आले ते थेट १९७८ ला.