वाचकांचे प्रश्न: मोठी बस घ्यावी, छोटा ग्रुप घ्यावा की तंबू?

प्रश्न: ताई नमस्कार. मी ६६, मिस्टर ७०. इटली करायचंय, दोन टूर काढून ठेवल्यात. दोन्ही ११ दिवसांच्या आणि दोन्हीत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आहे. एक ४५ जणांची बसची, दुसरी जास्तीत जास्त १४ जणांची, पण ती जवळजवळ दीडपट महाग. मुलगा म्हणतो आई पैशाचं बघू नको, छोटा ग्रुप घे, आरामात होईल. माझे गुडघे कुरकुरतात आणि मिस्टरांना गर्दीचा वैताग येतो. हॉटेलं दोन्हीकडे तीन-चार स्टारच आहेत. मग जास्तीचे पैसे नक्की कशाचे?

उत्तर: शेवटचं वाक्य अगदी मुद्द्याचं विचारलंत, तिथूनच सुरू करते. गाडी, ड्रायव्हर, टूर मॅनेजर, शहरातला लोकल गाइड हा खर्च माणसं किती आहेत यावर फारसा अवलंबून नसतो. तो ४५ जणांत वाटला तर माणशी थोडाच येतो, १४ जणांत वाटला की चांगलाच जाणवतो. म्हणजे तुमचे जास्तीचे पैसे मऊ गादीला जात नाहीयेत, ते माणसं कमी असण्याचे आहेत. मिस्टरांसाठी ते वसूल होतील, तुमच्या गुडघ्यांसाठी होतीलच असं नाही.

कारण हा खर्च आवाक्यात ठेवायला बऱ्याच छोट्या ग्रुपवाल्या कंपन्या पूर्ण टूरभर स्वतःची गाडी ठेवतच नाहीत, एका शहरातून दुसऱ्या शहरात ट्रेनने नेतात, शहरात मेट्रो किंवा पायी. म्हणजे स्टेशनचे जिने, प्लॅटफॉर्म बदलणं, डब्याच्या दोन-तीन उंच पायऱ्या, आणि हे सगळं बॅग आपली आपण उचलून. हॉटेलंही छोटी, जुन्या इमारतीतली, दिसायला फार गोड, पण लिफ्ट असेलच याची खात्री नाही. याउलट मोठ्या बसच्या टूरमध्ये बऱ्याचदा पोर्टरेज धरलेलं असतं, म्हणजे सकाळी बॅग दाराबाहेर ठेवायची आणि ती संध्याकाळी पुढच्या खोलीत सापडते. तेव्हा छोटा ग्रुप म्हणजे आराम हे मुलाचं समीकरण आधी बाजूला ठेवा आणि दोन्हीकडे एकच प्रश्न मेलवर विचारा, बॅग कोण उचलणार? उत्तर लेखी घ्या, फोनवर सगळेच गोड बोलतात.

आता मोठ्या बसचं दुखणं. तिथे सहा-सात-आठ चालतं, सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस. ४५ माणसं बसमधून उतरायला, टॉयलेटच्या लाइनीत उभी राहायला आणि परत चढायला जो वेळ जातो तो तुमच्याच बघण्याच्या वेळातून जातो, आणि दोन-चार जण रोज उशिरा येणारे असतातच (ते प्रत्येक ग्रुपमध्ये कुठून येतात देव जाणे). युरोपात ड्रायव्हरचे नियमही कडक आहेत, साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांचा ब्रेक, दिवसाला साधारण ९ तासांच्या वर चालवायचं नाही आणि रोज सलग विश्रांती द्यावीच लागते. त्यामुळे संध्याकाळी हॉटेलवर सोडलं की बस गेली, मग जरा गावात चक्कर मारू म्हटलं तर आपली आपण व्यवस्था करायची. आणि हॉटेल गावात नसतंच बऱ्याचदा! स्वस्त टूरच्या प्रोग्रॅममध्ये "व्हेनिस मुक्काम" लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात राहायचं मेस्त्रेला, जे पाण्याच्या अलीकडे, जमिनीवरच्या बाजूला आहे. ट्रेनने १०-१२ मिनिटांवरच आहे, वाईट काहीच नाही, पण दिवसभराची गर्दी ओसरल्यावरचं व्हेनिस बघायचं असेल तर हॉटेल कुठे आहे तेच महत्त्वाचं ठरतं. स्टारवरून हे कळत नाही. स्टार बहुतेक ठिकाणी सोयी मोजून देतात, जगभर एकच नियमही नाही, आणि हॉटेल गावात आहे का हायवेला हे त्यात कुठेच येत नाही. हॉटेलचं नाव आणि पत्ता मागा, "अमुक किंवा तत्सम" लिहिलं असेल तर तत्सम म्हणजे कुठल्या भागात तेही विचारा.

मग एक पेन्सिल घ्या आणि दोन्ही प्रोग्रॅममध्ये फक्त रात्रीचे मुक्काम मोजा, बाकी काही वाचू नका. ११ दिवसांत सात हॉटेलं असतील तर ती टूर तुमच्यासाठी नाही, मग ती ४५ जणांची असो नाहीतर चौघांची. हॉटेल बदलायचं म्हणजे आवरणं, बॅग भरणं, प्रवास, नवीन ठिकाणी चेक-इनला थांबणं, अर्धा दिवस गेलाच. तीन-चार ठिकाणी प्रत्येकी तीन-चार रात्री असा प्रोग्रॅम बघा. एकाच हॉटेलवर राहून रोज आसपास जाऊन यायचं अशाही टूर असतात, त्यात एखाद्या दिवशी गुडघे बोलायला लागले तर खोलीवर पडून राहता येतं, कुणाचं अडत नाही. माझं मत विचाराल तर तुमच्या वयाला आरामाचं माप हेच, किती वेळा बॅग भरावी लागते. स्टार नंतर.

किमतीची तुलना करताना शब्दही नीट वाचा. "प्रवेशासह" म्हणजे आत जाणार. "बाहेरून दर्शन" किंवा "फोटो स्टॉप" म्हणजे कोलोसियमसमोर उतरवणार, फोटो काढा, चला. "ऑप्शनल" म्हणजे तिथे गेल्यावर वेगळे पैसे, आणि गंमत अशी की ज्यासाठी माणूस इटलीला जातो त्यातलं बरंच काही ऑप्शनलमध्ये असू शकतं. मग बस भरून लोक जातात आणि आपण एकटे कुठे बसणार म्हणून आपणही पैसे काढतो. तेव्हा स्वस्त टूरच्या किमतीत हे सगळे ऑप्शनल, न धरलेली जेवणं, टिप, एअरपोर्टवरून हॉटेलवर जायचा खर्च असं सगळं मिळवा आणि मग त्या दीडपटीकडे परत बघा, फरक बऱ्याचदा निम्म्यावर येतो.

एक मात्र आधीच सांगते, चालण्यातून सुटका दोन्हीकडे नाही. मोठ्या बसेसना जुन्या शहरांच्या मध्यात सोडत नाहीत, फ्लॉरेन्सला बाहेर उतरून चालावं लागतं आणि व्हेनिसला ४०० च्या वर पूल आहेत, बहुतेकांना पायऱ्या. गाइडचं बोलणं कानातल्या यंत्रातून ऐकता येतं का तेही विचारा, म्हणजे घोळक्यात पुढे राहायची धडपड करावी लागत नाही, मागून सावकाश चाललं तरी ऐकू येतं. मी तुमच्या जागी असते तर या दोन्ही सोडून २०-२५ जणांची, स्वतःच्या बसची, कमी मुक्काम बदलणारी तिसरी टूर शोधली असती.

प्रश्न: मी २९ वर्षांची, एकटीच जाणार आहे. पहिलीच ग्रुप टूर, बजेट कमी. सगळीकडे सिंगल सप्लिमेंट बघून डोकं फिरलंय, एकटं जाणं हा गुन्हा आहे का?

उत्तर: गुन्हा नाही गं, हॉटेल खोलीचे पैसे घेतं, माणसाचे नाही, आणि ब्रोशरमधली किंमत दोघांनी एक खोली वाटून घ्यायची धरून लिहिलेली असते. तू एकटी राहिलीस की दुसऱ्या अर्ध्या खोलीचे पैसे तुझ्यावर, तेच हे सिंगल सप्लिमेंट. यातून बाहेर पडायचा सोपा मार्ग म्हणजे रूममेट लावून देणाऱ्या कंपन्या. इंट्रेपिड, जी अॅडव्हेंचर्स या छोट्या ग्रुपवाल्या कंपन्या एकट्या आलेल्यांना दुसऱ्या मुलीबरोबर खोली देतात, मग सप्लिमेंट नाही, आणि स्वतंत्रच खोली हवी असेल तर बऱ्याच टूरवर पैसे भरून घेता येते. कॉन्टिकी तर फक्त १८ ते ३५ वयाच्यांसाठीच आहे, तिथे एकटे येणारे भरपूर, पण रात्री जागायची तयारी हवी. तुला नऊला झोपायला आवडत असेल तर वय बसतंय म्हणून तिकडे जाऊ नकोस, सगळ्या वयाच्यांचा ग्रुप घे.

बाकी कंपन्यांना बुकिंगच्या आधी एक विचार, रूममेट मिळाली नाही तर सप्लिमेंट मी भरायचं का तुम्ही? काही जण स्वतः सोसतात, काही जण निघायच्या थोडे दिवस आधी बिल पाठवतात. बजेटच्या छोट्या टूरवर ट्रेनमध्ये झोपायच्या रात्री, होस्टेलची सहा बेडची खोली, बाहेरचं बाथरूम हेही येऊ शकतं, आणि ते प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं पण दिवसनिहाय वर्णनात नाही, खाली "राहण्याची व्यवस्था" मध्ये एका ओळीत. ती ओळ आधी वाच. तिथेच बहुधा १ ते ५ असं शारीरिक कष्टाचं रेटिंगही दिलेलं असतं, ५ म्हणजे डोंगर चढायचा, शॉपिंग विसर. आणि हो, कानात घालायचे बोळे घेऊन जा, रूममेट घोरते का हे कुठलीच कंपनी विचारत नाही.

प्रश्न: आफ्रिकेची ट्रकवाली कॅम्पिंग टूर सफारी लॉजच्या टूरपेक्षा खूपच स्वस्त दिसतेय. त्यात काय काय करावं लागतं?

उत्तर: तंबू स्वतः लावायचा, सकाळी स्वतः काढायचा, पाळीपाळीने भाज्या चिरायच्या, भांडी घासायची, ट्रक झाडायचा. याला पार्टिसिपेशन कॅम्पिंग म्हणतात आणि म्हणूनच स्वस्त आहे. अंतरं प्रचंड, पूर्ण दिवस ट्रकमध्ये जायचे प्रसंग येतात. काही टूरमध्ये जाहीर किमतीशिवाय तिथे पोचल्यावर रोख भरायची रक्कम असते, लोकल पेमेंट किंवा किटी म्हणतात तिला, ती धरूनच स्वस्त का महाग ते ठरवा. प्राणी तेच दिसतात. पाठ दुखत नसेल आणि मातीचं वावडं नसेल तर मजा आहे, नाहीतर त्याच रस्त्याने तंबूऐवजी खोलीत राहायची टूर अशा ट्रकवाल्या (ओव्हरलँड) बहुतेक कंपन्यांकडे असते, ती बघा.

प्रश्न: सारखं बॅग भरणं नको म्हणून नदीवरची क्रूझ घ्यावी का?

उत्तर: आरामाच्या बाबतीत पहिला नंबर, खोलीच तुमच्याबरोबर फिरते आणि बोट बऱ्याचदा गावाच्या मध्याजवळच लागते. फक्त दोन गोष्टी. गर्दीच्या धक्क्यांवर बोटी एकमेकींना चिकटून उभ्या करतात, म्हणजे बाल्कनीचे पैसे भरलेत आणि पडदा उघडला की समोर दुसऱ्या बोटीच्या खिडक्या. आणि पाणी कमी झालं की बोट पुढे जात नाही, ऱ्हाइन नदीला २०१८ आणि २०२२ मध्ये पाणी खूप उतरलं होतं, अशा वेळी मधला टप्पा बसने करावा लागतो.

प्रश्न: टूर युरोपातल्या कंपनीची घेतलीये, विमान मी वेगळं काढणार, ऑफर चालू आहे. आत्ताच काढू का?

उत्तर: थांबा. आधी त्यांना विचारा तुमची तारीख "गॅरंटीड डिपार्चर" आहे का, म्हणजे त्या तारखेला टूर नक्की निघणार का. पुरेशी माणसं जमली नाहीत तर कंपनी टूर रद्द करू शकते, युरोपियन युनियनच्या पॅकेज नियमांत सहा दिवसांपेक्षा मोठ्या टूरसाठी हे निघायच्या २० दिवस आधीपर्यंत कळवता येतं, टूरचे पैसे पूर्ण परत मिळतात, पण तुम्ही वेगळं काढलेलं विमान ही तुमची बाब, त्याचे ते देत नाहीत. किंमत वाढवायची असेल तर तीही २० दिवस आधीपर्यंतच, आणि ८ टक्क्यांच्या वर वाढवली तर तुम्ही दंड न भरता बाहेर पडू शकता, तेव्हाही विमानाचं तिकीट हातात राहतंच. तारीख गॅरंटीड असल्याचा मेल आला की मग तिकीट काढा, आणि तोपर्यंत ऑफर गेली तर थोडे जास्त देऊन बदलता येणारं तिकीट घ्या.