वाचकांचे प्रश्न : टेस्टोस्टेरॉनचा डबा घ्यावा का?

प्रश्न : वय २८. दोन वर्षं नियमित जिमला जातो. ट्रेनर ‘टेस्टो बूस्टर’ घ्यायला सांगतात. डब्यावर गोखरू, अश्वगंधा, डी-अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड आणि झिंक लिहिलंय. यांनी टेस्टोस्टेरॉन खरंच वाढतं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन). ते वाढवण्याच्या बाबतीत चारही घटकांची गोष्ट वेगवेगळी आहे, त्यामुळे एकेक पाहू.

गोखरू बहुतेक डब्यांत असतो आणि पुराव्याच्या बाबतीत तोच सगळ्यांत कच्चा आहे. २००५ साली बल्गेरियात २० ते ३६ वयाच्या २१ निरोगी तरुणांवर प्रयोग झाला. काहींना वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, काहींना २० मिलिग्रॅम असा गोखरूचा अर्क चार आठवडे दिला. टेस्टोस्टेरॉन जागचं हललं नाही. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या २२ रग्बी खेळाडूंपैकी निम्म्यांना पाच आठवडे रोज ४५० मिलिग्रॅम गोखरू आणि निम्म्यांना नुसती पिठाची गोळी दिली. ताकद दोन्ही गटांची सारखीच वाढली, कारण दोघेही तोच व्यायाम करत होते. ‘मला फरक पडला’ असं जिममध्ये कुणी सांगितलं तर ही गोष्ट जरूर आठवा.

अश्वगंधेचा पुरावा यापेक्षा बरा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात ५७ पुरुषांनी आठ आठवडे वजनं उचलण्याचा व्यायाम केला. मुळांचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेणाऱ्यांचं टेस्टोस्टेरॉन सरासरी ९६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढलं, न घेणाऱ्यांचं १८ ने. ताकदही जास्त वाढली. पण हे लोक व्यायामाला नवखे होते, तुमच्यासारखे दोन वर्षं सरावलेले नव्हते. २०१९ मध्ये ४० ते ७० वयाच्या, वजन जास्त असलेल्या पुरुषांवर दुसरी चाचणी झाली. त्यांच्यातही अर्काच्या काळात टेस्टोस्टेरॉन जवळपास १५ टक्के जास्त भरलं, पण थकवा, उत्साह आणि कामेच्छा यांत खऱ्या आणि खोट्या गोळीमध्ये ठोस फरक दिसला नाही. आमच्या मते या सगळ्या विषयातला कळीचा मुद्दा हाच. रिपोर्टमधला आकडा ३८० चा ४५० झाला, तरी तो आधीही नॉर्मलच होता आणि नंतरही नॉर्मलच आहे. स्नायूंवर दिसणारा फरक पडतो तो इंजेक्शनने हा आकडा नैसर्गिक मर्यादेच्या कितीतरी वर नेल्यावर, आणि तेव्हा शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन आणि शुक्रजंतू बनवणं जवळपास थांबवतं. त्या वाटेला अजिबात जाऊ नका.

अश्वगंधा घेणारच असाल तर चूर्ण आणि अर्क एकच समजू नका. प्रयोग अर्कावर झालेत. तो घेणाऱ्या काहींना कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. लघवी गडद पिवळी, अंगाला खाज किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

डी-अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड या अमिनो आम्लाची जाहिरात २००९ च्या एका इटालियन प्रयोगावर उभी आहे. त्यात १२ दिवसांत ४२ टक्के वाढ दिसली होती. २०१५ मध्ये नियमित वजनं उचलणाऱ्या २४ पुरुषांवर दोन आठवडे प्रयोग झाला, तेव्हा रोज ३ ग्रॅमने काहीच झालं नाही आणि ६ ग्रॅमने टेस्टोस्टेरॉन चक्क कमी झालं. तुम्ही या दुसऱ्या लोकांसारखे आहात.

झिंक फक्त कमतरता असेल तरच उपयोगी. ती असेल तर मात्र फरक मोठा पडतो : १९९६ च्या अमेरिकी अभ्यासात तरुणांच्या आहारातलं झिंक २० आठवडे तोडल्यावर टेस्टोस्टेरॉन जवळपास पावपटीवर आलं. आपल्या पोळी-भाकरी-डाळीत फायटेट नावाचं नैसर्गिक द्रव्य असतं आणि ते झिंक शोषू देत नाही. मटकी-मुगाला मोड आणल्याने, पीठ आंबवल्याने ते कमी होतं. गोळी घेतलीच तर सगळं मिळून रोज ४० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका. उपाशीपोटी मळमळतं आणि महिनोन्‌महिने जास्त घेतल्यास शरीरातलं तांबं घटून रक्त कमी होतं.

आणखी एक, ‘ब्लेंड २ ग्रॅम’ असं एकत्र वजन छापलेला डबा घेऊच नका. त्यात कशाचं किती आहे हे कळायला मार्गच नसतो. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी क्रमांक म्हणजे विक्रीचा परवाना. टेस्टोस्टेरॉन वाढतं याचा तो दाखला नाही.

प्रश्न : वय ४६, वजन ९४ किलो. संध्याकाळी रक्त दिलं, टेस्टोस्टेरॉन २७० आलं. सप्लिमेंट सुरू करू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी तपासणी नीट करून घ्या. हे संप्रेरक सकाळी सर्वांत जास्त असतं, दिवसभरात उतरतं आणि जेवणानंतरही घटतं. सकाळी ७ ते १० दरम्यान, उपाशीपोटी, ताप-सर्दी नसताना रक्त द्या आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा द्या. दोन्ही वेळा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं आणि कामेच्छा कमी होणं, थकवा अशी लक्षणंही असली तरच कमतरतेचा विचार होतो. रिपोर्ट नॅनोमोल प्रति लिटरमध्ये असेल तर त्याला २८.८ ने गुणा.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला सांगा आणि किमान तीन दिवस आधी बंद ठेवा. काही यंत्रांवर त्यामुळे आकडा खोटाच वाढून येतो आणि खरी कमतरता झाकली जाते.

वजन जास्त असलं की टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं एसएचबीजी हे प्रथिन घटतं, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो. म्हणून एसएचबीजी, तसंच मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरकंही तपासा. घोरता का, हे घरच्यांना विचारा, कारण झोप मोडली तरी आकडा उतरतो. आठवडाभर रोज पाचच तास झोपलेल्या तरुणांचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के घसरल्याचं २०११ मध्ये दिसलं आहे. आहार आवरून वजन उतरवणाऱ्यांच्या अनेक अभ्यासांत मिळून सरासरी ८० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास वाढ दिसते. डब्यापेक्षा हा सौदा चांगला.

प्रश्न : वडील ६३ वर्षांचे, हृदयरोगी, सॉर्बिट्रेट जवळ बाळगतात. ‘शिलाजित पॉवर’ कॅप्सूल घेतात. तासाभरात परिणाम होतो म्हणतात. चालेल का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : आजच थांबवा. शिलाजितावर जो प्रयोग झाला त्यात शुद्ध केलेलं शिलाजित ९० दिवस द्यावं लागलं होतं. तासाभरात परिणाम दिसतो तेव्हा कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल (लिंग ताठरतेची औषधं) मिसळल्याचा दाट संशय घ्यावा; अशी भेसळ अनेक देशांत पकडली गेली आहे. या औषधांवर सॉर्बिट्रेट (ही नायट्रेट गटातली गोळी) घेतली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट द्यायचं नसतं. आत काय आहे ते माहीत नाही, म्हणून ४८ तासच धरा. त्या काळात छातीत दुखलं तर सॉर्बिट्रेट जिभेखाली न ठेवता सरळ १०८ ला फोन करा आणि कॅप्सूलची डबी डॉक्टरांच्या हातात द्या.