जेवण तेवढंच, मग चरबी जाते कुठे? कॅन्सरमधल्या वजनघटीविषयी प्रश्नोत्तरे

कॅन्सर आणि आहार या विषयावरच्या मागच्या लेखानंतर आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली: पेशंट अगदीच उपाशी नाही, तरी अंगावरचं सगळं उतरत चाललंय. म्हणून या वेळी फक्त याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत.

सासऱ्यांना (वय 66) स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. चार महिन्यांत वजन 68 किलोवरून 57 वर आलं. थोडं कमी, पण दोन्ही वेळा जेवतात, दूधही घेतात. तरी गाल बसले, दंड ओघळले. भेटायला येणारा प्रत्येक जण मला विचारतो, ‘खायला नीट देत नाही का?’ ही चरबी नक्की जाते कुठे? – एक सून, सोलापूर

खायला घालण्यात तुम्ही कमी पडलेल्या नाहीत. पुढचं उत्तर त्या पाहुण्यांना खुशाल वाचून दाखवा.

निरोगी माणूस उपाशी राहिला तर शरीर काटकसर सुरू करतं. चरबी बेतानं वापरतं, स्नायू शक्यतो राखून ठेवतं, आणि जेवण मिळालं की इन्शुलिन वाढून चरबीचं विघटन थांबतं. कॅकेक्सियात, म्हणजे कॅन्सरमुळे शरीर झिजतं त्या अवस्थेत, हा लगाम सुटतो. गाठीतून आणि शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारपेशींतून आयएल-6, टीएनएफ-अल्फा यांसारखी दाह वाढवणारी रसायनं सतत रक्तात येत राहतात. चरबीच्या पेशींना त्यातून ‘साठा मोकळा करा’ असाच हुकूम मिळत राहतो, मग पोट भरलेलं असो वा रिकामं.

चरबीच्या पेशीत तेलाचा एक मोठा थेंब असतो. त्यातला प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. एटीजीएल नावाचं विकर म्हणजे एन्झाइम त्यातलं पहिलं मेदाम्ल तोडतं, एचएसएल हे विकर दुसरं, आणि आणखी एक विकर शेवटचं. सुटलेली मेदाम्लं रक्तातून यकृताकडे आणि स्नायूंकडे जाऊन जळतात, ग्लिसरॉलपासून यकृत साखर बनवतं. कॅन्सर झालेल्या उंदरांमध्ये तर पांढरी (साठवणीची) चरबी तपकिरी (उष्णता तयार करणाऱ्या) चरबीसारखी वागू लागते आणि ऊर्जा नुसती उष्णता म्हणून उधळते, असं 2014 मध्ये दाखवलं गेलं. स्टॉकहोमच्या संशोधकांनी पेशंटची चरबी तपासली, तेव्हा त्यातल्या पेशी मेलेल्या नव्हत्या, रिकाम्या होऊन आकसल्या होत्या. सासऱ्यांचे गाल बसले त्यामागे हेच आहे.

मात्र स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये आणखी एक कारण असतं आणि त्यावर इलाज आहे. जेवणातली चरबी पचवणारे रस स्वादुपिंडातून येतात. ती वाट अडली की खाल्लेलं तूप-दूध न पचता बाहेर पडतं. त्यांना एवढंच विचारा: शौच फिकट, तेलकट, उग्र वासाचं होतं का? पाण्यावर तरंगतं का? पाणी ओतूनही भांड्याला चिकटून राहतं का? ही गोष्ट सुनेला विचारायला अवघड जाते, मुलाला विचारायला सांगा. उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांकडे पाचक विकरांच्या कॅप्सूलचा विषय काढा. ही कॅप्सूल पहिल्या घासांबरोबर घ्यायची, जेवण मोठं असेल तर उरलेला डोस जेवता जेवता. रिकाम्या पोटी घेतलेली वाया जाते. ती डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. घरात त्याची अडचण असेल तर डॉक्टरांशी उघड बोला, परस्पर बंद करू नका. रक्तातली साखरही तपासून घ्या. या कॅन्सरमध्ये नव्यानं मधुमेह होऊ शकतो, आणि इन्शुलिन कमी पडलं की चरबीचं विघटन आणखी जोर धरतं.

चार महिन्यांत 11 किलो म्हणजे मूळ वजनाच्या 16 टक्के. पुढच्या तारखेची वाट पाहू नका. याच आठवड्यात फोन करून हा आकडा कळवा.

आईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. ती आधीपासून जाड, 84 किलो. ऑपरेशननंतर पाच महिन्यांत 77 झाली. नातेवाईक म्हणतात, बरंच झालं, गुडघ्यांचा त्रास कमी होईल. खरंच चांगलं आहे का? – ठाणे

नाही. ठरवून, व्यायाम करून उतरवलेलं वजन वेगळं आणि न मागता उतरलेलं वेगळं. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेल्या व्याख्येनुसार सहा महिन्यांत, उपासमार नसताना, 5 टक्क्यांहून जास्त वजन गेलं तर तो कॅकेक्सिया. आईंचं 8 टक्क्यांहून जास्त गेलं आहे. ऑपरेशननंतरच्या काही आठवड्यांत कमी खाणं झालं असेल, त्याचा वाटा थोडा असेलही, पण पाच महिन्यांचा उतार तेवढ्यावर सोडून देता येत नाही.

जाड माणसांत धोका जास्त लपतो. वरून अंग भरलेलं दिसतं, आत स्नायू झिजलेले असतात. वजनकाट्याला दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून घरी तीन गोष्टी बघा. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का? बरणीचं झाकण फिरवता येतं का? कपाळाच्या दोन्ही बाजूंना, भुवईच्या टोकामागे, खळगा दिसू लागलाय का? आजाराच्या तपासणीसाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर स्नायू आणि चरबी दोन्ही मोजता येतात. त्यासाठी वेगळा स्कॅन लागत नाही. पण सहसा ते कुणी आपणहून मोजत नाही, विचारावं लागतं.

आणि उलटी बाजूही लक्षात ठेवा. पायांवर सूज असेल किंवा पोटात पाणी साठलं असेल तर काटा स्थिर राहतो आणि आतली झीज चालूच असते.

बाबांना अशक्तपणा आला की आम्ही जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून आणतो. दर आठवड्याला लावली तर वजन टिकेल का? – बीड

टिकणार नाही. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे 100 कॅलरींच्या आत-बाहेर. एक मोठं केळं तेवढं देतं. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं असेल तर सलाईन जरूर लावावी, वजनासाठी मात्र पैसे आणि शीर दोन्ही वाचवा.

साखर आणि तुपावर कॅन्सर पोसतो, म्हणून एक वेळ उपास करून गाठीची उपासमार करायची, असा सल्ला एका परिचितांनी दिला. आईनं सुरूही केलाय. वजन 46 किलो. – कोल्हापूर

आजच थांबवा. हे मी सौम्य शब्दांत सांगणार नाही, कारण या सल्ल्यानं खंगलेले पेशंट मी पाहते आणि प्रत्येक वेळी पोटात तुटतं. गाठीला हवं ते ती रक्तातून उचलते, आणि जेवण नसेल तर शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू मोडून रक्तात तेच पुरवतं. उपासात गाठ उपाशी राहत नाही, आई राहतात.

ज्यांचं वजन घटतंय त्यांच्यासाठी युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे: रोज दर किलो वजनामागे 25 ते 30 कॅलरी आणि एक ग्रॅमहून जास्त, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं. 46 किलोला याचा अर्थ साधारण 1150 ते 1400 कॅलरी आणि 46 ते 70 ग्रॅम प्रथिनं. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. एका अंड्यात 6 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास. अंडी चालत नसतील तर दुधात दूधपावडर घाला, पेजेत चमचाभर तूप आणि शेंगदाण्याचं कूट, वरण नेहमीपेक्षा घट्ट. तूप वर्ज्य नाही. एका ग्रॅमला 9 कॅलरी देणारं, पोटात जागा न अडवणारं दुसरं काय आहे आपल्या घरात? ताट वाढू नका, दर दोन तासांनी वाटी द्या. केमोनंतर गरम जेवणाचा वास नकोसा होतो, तेव्हा गार दही-भात किंवा श्रीखंड चालून जातं.

एक इशारा: बरेच दिवस जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल तर एकदम भरपूर सुरू करू नका. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम धोकादायक रीतीनं खाली येऊ शकतं. तिथे वाढ डॉक्टरांच्या नजरेखाली, हळूहळू.

आजीचा आजार शेवटच्या टप्प्यात आहे. दोन चमचे खाऊन तोंड फिरवते. आम्ही बळजबरीनं भरवतो, मग ती रडते. – चिपळूण

भरवणं थांबवा. या टप्प्यात शरीर अन्नाचं रूपांतर ताकदीत करू शकत नाही. जास्त भरवल्यानं आयुष्य वाढत नाही, उलट्या आणि ठसका वाढतो. आजी खात नाहीत म्हणून खालावत नाहीयेत, आजार वाढलाय म्हणून भूक गेली आहे. त्यांनी मागितलं तर मागतील ते, मागतील तेवढंच. ओठ ओले ठेवा, तोंड स्वच्छ ठेवा. जिभेवर पांढरा थर असेल तर दाखवा, बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि तो औषधानं जातो. भरवण्याची ती वेळ पाय चेपण्यात, बोलण्यात घालवा. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांची सोय आहे का, याची चौकशी करून ठेवा.

मी बायोटेक्नॉलॉजी शिकतो. एटीजीएल हे विकर बंद पाडलं तर चरबी वाचेल ना? मग औषध का नाही? – पुणे

हा विचार ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये रुडॉल्फ झेखनर यांच्या गटानं करून पाहिला. हे विकर ओळखलं गेलं 2004 मध्ये. 2011 मध्ये त्यांनी ते नसलेल्या उंदरांमध्ये गाठी वाढवल्या. उंदरांची चरबी टिकलीच, शिवाय स्नायूही बऱ्याच अंशी टिकले, आणि मला त्यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. चरबीचं विघटन ही बाजूची घटना नाही, स्नायूंच्या झिजेशी ती बांधलेली आहे. पण हे विकर हृदयालाही लागतं. ते अजिबात नसेल तर हृदयाच्या स्नायूत चरबी साठून हृदय निकामी होतं. शिवाय ग्राझमध्येच बनलेलं अ‍ॅटग्लिस्टॅटिन हे रोधक, म्हणजे विकर बंद पाडणारं रसायन, उंदरांच्या विकरावर चालतं, माणसाच्या नाही.

माणसांसाठीची वाट सध्या वेगळीकडून निघाली आहे. जीडीएफ-15 हे प्रथिन मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्राहीवर (संदेश घेणाऱ्या रेणूवर) बसून भूक मारतं. ते अडवणाऱ्या पॉन्सेग्रोमॅब या औषधाची 187 पेशंटवरची चाचणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांत मोठ्या डोसवर 12 आठवड्यांत वजनातला फरक प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ डोसपेक्षा) सुमारे 2.8 किलो पडला. जपाननं 2021 मध्ये भूक वाढवणाऱ्या अ‍ॅनामोरेलिनला परवानगी दिली.

पण आपल्याकडच्या वाचकांना आज उपयोगी पडेल ते काम पुद्दुचेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत झालं. तिथे जठर, फुप्फुस आणि यकृत-स्वादुपिंड भागाच्या कॅन्सरच्या 124 पेशंटना केमोबरोबर 12 आठवडे ओलान्झापाइनची 2.5 मिलिग्रॅमची गोळी किंवा प्लासिबो दिलं. गोळी घेणाऱ्यांपैकी 60 टक्के जणांचं वजन 5 टक्क्यांहून जास्त वाढलं, प्लासिबोवाल्यांत 9 टक्के. 2023 मध्ये हे निकाल आले आणि अमेरिकेच्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं त्याच वर्षी आपली शिफारस बदलली. हे जुनं, स्वस्त, मानसिक आजारांत वापरलं जाणारं औषध आहे. त्यामुळे चिठ्ठीवर नाव बघून घरचे घाबरतात आणि गोळी बाजूला ठेवतात. भूक वाढवण्यासाठी डोस अगदी छोटा असतो. झोप येते म्हणून सहसा रात्री देतात. केमिस्टकडून परस्पर घेऊ नका, मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि पेशंटचं वजन उतरत असूनही कुणी या गोळीचं नाव काढलं नसेल, तर पुढच्या भेटीत तुम्ही काढा.