वाळवंटात बर्फ कसा?

प्रश्न : जानेवारीत मुलीकडे फिनिक्सला गेलो होतो. तिथून अर्ध्या बाह्यांच्या शर्टात निघालो आणि सुमारे अडीच तासांत फ्लॅगस्टाफला बर्फात उतरलो. ॲरिझोना तर वाळवंटी राज्य, मग असे का?

उत्तर : फिनिक्स समुद्रसपाटीपासून सुमारे 330 मीटरांवर आहे, तर फ्लॅगस्टाफ 2,100 मीटरांवर. वर चढणारी हवा दाब कमी झाल्याने फुगते (गाडीतले वेफर्सचे पाकीट घाटात फुगते तशीच) आणि त्यातच थंड होते. कोरडी असेल, तर दर किलोमीटरला जवळपास 10 अंशांनी. ढग धरू लागले की बाष्पातली उष्णता बाहेर पडून हा वेग मंदावतो. हिवाळ्यात प्रशांत महासागराकडून येणारे वारे या दोन शहरांमधल्या मोगोयोन नावाच्या उंच कड्यावर चढताना आपले बाष्प तिथेच रिते करतात. म्हणून फिनिक्सला वर्षभरात जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस, तर फ्लॅगस्टाफला अडीच मीटरांच्या आसपास नुसता बर्फच पडतो. परतताना रस्त्याकडेला पाहा : पाँडेरोसा पाइन संपून खुरटे जुनिपर लागतात आणि लांबलेले गोठण न सोसणारा सग्वारो निवडुंग त्याच्याही बराच खाली दिसू लागतो.