बेंचवर बसवलं म्हणून खेळ सोडणाऱ्या पोरास

प्रिय पोरा,

नव्या कोचनी बेंचवर बसवलं, वर ‘बाहेरून शूट करायला शीक’ म्हणाले, आणि तू थेट बास्केटबॉल सोडायला निघालास. मनगट रिंगच्या वर जातं त्याला हे झोंबणारच. पण उडीसाठी गाजलेल्या व्हिन्स कार्टर या अमेरिकन खेळाडूचा दाखला दिलास आणि तोही अर्धाच, म्हणून लिहायला बसलो.

तू बघितलंस ते 2000 साल. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची डंक स्पर्धा, म्हणजे उंच उडून बॉल वरून रिंगमध्ये कोंबायची, कोपरापर्यंत रिंगमध्ये घातलेला तो हात. मग सिडनी ऑलिंपिक, फ्रान्सच्या सात फूट दोन इंची फ्रेडरिक वाइसला चक्क ओलांडून मारलेला डंक. तो मीही थांबवून थांबवून बघतो. पण तेव्हा कार्टर तेवीस वर्षांचा होता रे! पुढची वीस वर्षं कोणी बघायची?

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा, 2014 चा प्लेऑफ (बाद फेरी) बघ. डॅलस विरुद्ध सॅन अँटोनियो, तिसरा सामना. डॅलस दोन गुणांनी मागे, घड्याळात 1.7 सेकंद. कार्टर सदतिशीचा, बेंचवरून उतरलेला. कोपऱ्यात बॉल घेतला, हुलकावणी दिली, सॅन अँटोनियोचा मनू जिनोबिली फसून उडाला, आणि यानं थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांचा बॉल, टाकून मॅच काढली. 109-108. ज्याच्या उडीची जगभर पारायणं झाली, त्यानं त्या क्षणी दुसऱ्याला उडू दिलं. नेम होता म्हणून.

नेम. मी हेच बोलत राहणार, कंटाळलास तरी.

एनबीएत 22 हंगाम, आठ संघ, 2200 च्या वर थ्री. अटलांटात तो ज्या ट्रे यंगबरोबर खेळला, तो पोरगा कार्टरच्या ड्राफ्टनंतर (एनबीएत निवड झाल्यावर) काही महिन्यांनी जन्मला होता! विजेतेपद मिळालं नाही, हे कोणीतरी तुला ऐकवेलच. ऐकवू दे. चाळिशी उलटल्यावरही संघ ज्याला बोलावतात, त्याचं काय कमी पडलं?

आमच्या वेळी उंच उडणाऱ्याला नेम कोणी शिकवलाच नाही. सिमेंटच्या कोर्टवर गुडघे गेले आणि त्यांच्याबरोबर खेळही गेला. ती हळहळ अजून जात नाही. म्हणून माझ्या पोरांना मी आधी शूटिंगला उभं करतो. ‘सर पंख कापतात’ असं पालक म्हणतात, म्हणोत. त्यातली काही पोरं तिशीतही जिल्ह्याकडून खेळतायत. मी बदलणार नाही.

तुझी उडी मला तुझ्याइतकीच प्रिय आहे. डंक मार, मनसोक्त मार. पण कोचशी अबोला धरू नकोस. उद्या सरावाला जा. सराव संपून पाय जड झाले, की दोन्ही कोपऱ्यांतून शूट कर. ताज्या पायांनी नाही, थकलेल्या पायांनी. बॉल पकडून द्यायला धाकट्या भावाला घेऊन जा. महिनाभरानं मला फोन कर आणि किती पडले एवढंच सांग.

तुझा,
सर