बीपीचा आकडा, पट्टा, गोळी आणि मीठ : वाचकांचे प्रश्न

बीपीचं यंत्र आता बहुतेक घरांत आहे, आणि ते आलं की शंकाही येतात. यांतल्या बऱ्याच शंकांवर गेल्या काही वर्षांत विद्यापीठांनी रीतसर चाचण्या घेतल्या आहेत. त्यांच्या आधारे या वेळची उत्तरं दिली आहेत. उत्तरांत 'अंक' म्हणजे मिलिमीटर पारा. आमचा आग्रह एकच : गोळी वाढवण्याआधी आकडा नीट घेतला होता का, ते तपासा.

दवाखान्यात हात मांडीवर ठेवून बीपी घेतात, तेव्हा वरचा आकडा १४४ येतो. घरी टेबलाशी बसून घेतलं की १३६. खरा कुठला धरायचा? (एक वाचक, कराड)

नेमक्या याच मुद्द्यावर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १३३ प्रौढांवर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येकाचं बीपी तीन प्रकारे घेतलं : हात टेबलावर, हात मांडीवर आणि हात बाजूला लोंबता. टेबलाच्या तुलनेत मांडीवर वरचा आकडा सरासरी ३.९ आणि खालचा ४ अंकांनी जास्त आला. लोंबत्या हाताला वरचा ६.५, खालचा ४.४ अंकांनी जास्त. म्हणजे तुमच्या दोन आकड्यांतला निम्मा फरक तरी निव्वळ हाताच्या जागेचा असू शकतो.

कारण साधं आहे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्याच्या नळाला जास्त जोराने येतं, तसंच दंड हृदयाच्या खाली गेला की तिथल्या रक्तवाहिनीत दाब वाढतो. दर दहा सेंटिमीटरला हा फरक सात-आठ अंकांचा पडतो. शिवाय आधार नसलेला हात धरून ठेवायला स्नायू ताणले जातात, त्यानेही आकडा चढतो. उलटही घडतं : सोफ्याच्या पाठीवर हात टाकून मोजलं तर बीपी खोटंच कमी दिसतं. ते जास्त धोक्याचं, कारण मग माणूस निर्धास्त राहतो.

घरी मोजताना असं करा. आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, मिसरी, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकेल अशा खुर्चीत बसा, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नको. पाच मिनिटं गप्प बसा. टीव्ही आणि मोबाइल बंद. तळवा वर करून हात टेबलावर सैल सोडा. पट्ट्याचा मध्य छातीच्या मधल्या हाडाच्या मध्याशी आला पाहिजे. टेबल बुटकं असेल तर हाताखाली घडी घातलेली चादर किंवा उशी घ्या. मांडी घालून जमिनीवर बसायची सवय असली तरी बीपीपुरती खुर्चीच घ्या. यंत्र चालू असताना बोलू नका, 'किती आलं?' असंही नाही. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा.

असं सकाळी गोळी आणि न्याहारीच्या आधी, आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढा. घरच्या सरासरीची मर्यादा १३५/८५ आहे, दवाखान्यातली १४०/९० इथे लावू नका. म्हणजे तुमचे १३६ टेबलाशी बसून आले असले तरी एका दिवसाच्या आकड्यावर निकाल देता येणार नाही. सरासरी काढून वही डॉक्टरांना दाखवा. यंत्रही सोबत न्या आणि तिथल्या यंत्राशी ताडून घ्या. नाडी अनियमित असेल, तर घरच्या यंत्राचे आकडे दर वेळी बरेच बदलतात. अशांनी सलग तीन वेळा मोजून सरासरी धरावी आणि नाडीचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

आमच्या गावच्या आठवडी बाजारात तपासणी शिबिर असतं. एवढ्या गोंगाटात घेतलेलं बीपी बरोबर येतं का? (एक आरोग्यसेविका, भंडारा जिल्हा)

येतं. जॉन्स हॉपकिन्सच्याच गटाने बाल्टिमोरमधल्या एका सार्वजनिक बाजारात आणि शांत खोलीत त्याच माणसांचं बीपी मोजून पाहिलं. फरक नगण्य निघाला. मात्र खुर्ची, टेबल, योग्य पट्टा आणि पाच मिनिटांची विश्रांती त्यांनी बाजारातही सोडली नव्हती. शिबिरात नेमकी ही पाच मिनिटंच गळतात. रांगेतल्या पुढच्या तिघांना आधीच खुर्च्यांवर बसवून ठेवलं, तर वेळ वाया न जाता विश्रांती मिळते.

माझे दंड जाड आहेत, सासूबाईंचे अगदी काटकुळे. एकाच यंत्राने दोघींचं बीपी घेतलं तर चालेल का? (एक वाचक, डोंबिवली)

यंत्र एक चालेल, पट्टा एक चालेलच असं नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या चाचणीत १९५ जणांना त्यांच्या मापाचा आणि सरसकट मध्यम असे दोन्ही पट्टे लावून पाहिले. ज्यांना मोठा पट्टा हवा होता, त्यांचा वरचा आकडा मध्यम पट्ट्याने ४.८ अंकांनी जास्त आला. ज्यांना अतिमोठा हवा होता, त्यांचा १९.५ अंकांनी! खालचाही ७.४ ने. उलट ज्यांना लहान पट्टा हवा होता, त्यांचा वरचा ३.६ अंकांनी कमी दिसला. १९ अंक म्हणजे बीपी नसलेल्या माणसाला गोळी सुरू होण्याइतका फरक आहे. असं घडायचं कारण म्हणजे आखूड पट्ट्यातली हवेची पिशवी जाड दंडाला पुरेशी वेढत नाही. मग रक्तवाहिनी दाबायला यंत्राला जास्त हवा भरावी लागते आणि तोच जास्त दाब पडद्यावर उमटतो.

माप घ्यायला शिंप्याची टेप पुरते. खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये खूण करा, हात सैल सोडून तिथला घेर मोजा. त्या चाचणीत २० ते २५ सेंटिमीटरला लहान, ३२ पर्यंत मध्यम, ४० पर्यंत मोठा आणि त्यापुढे ५५ पर्यंत अतिमोठा पट्टा वापरला होता. कंपनीगणिक थोडा फरक असतो, म्हणून तुमच्या पट्ट्यावर छापलेली मर्यादा वाचा. यंत्रासोबत बहुधा २२ ते ३२ चा पट्टा येतो. सासूबाईंचा घेर २१ भरला तर तो त्यांच्यासाठी नाही. पट्टा त्याच कंपनीचा, त्याच यंत्राला चालणारा घ्यावा.

पट्टा उघड्या दंडावर बांधा, खालची कड कोपराच्या वळीपासून दोन सेंटिमीटर वर, आत एक-दोन बोटं जातील इतपत. सदऱ्याची बाही गुंडाळून वर सरकवली की तीच दंड आवळते. ब्लाउजची बाही घट्ट असेल तर तो हात बाहीतून काढावा. शिबिरांत संकोचामुळे हे राहून जातं, म्हणून बायकांसाठी एक पडदा लावायलाच हवा.

डाव्या हाताला १२८ आणि उजव्याला १४१ आलं. यंत्र बिघडलं आहे का? (एक वाचक, फोंडा)

आधी खात्री करा : पाच मिनिटं बसून उजवा, डावा, पुन्हा उजवा, पुन्हा डावा असं मोजा. पाच-सात अंकांचा फरक अनेकांत असतो. फरक दहाच्या वर टिकून राहिला तर तो यंत्राचा दोष नाही, डॉक्टरांना सांगण्याजोगी गोष्ट आहे. एक्सेटर विद्यापीठाच्या गटाने २४ अभ्यासांतली जवळपास ५४ हजार माणसांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा दोन हातांतला फरक जितका जास्त तितका पुढच्या दहा वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका जास्त, असं दिसलं. ज्या बाजूला दाब कमी, तिथल्या धमनीत चरबीचा थर साचून वाट अरुंद झालेली असू शकते. यापुढे नेहमी जास्त आकड्याच्या हातावरच मोजा. तुमच्या बाबतीत उजव्या. डावा हात धरून बसलात तर बीपी आटोक्यात आहे असा गैरसमज होईल.

बीपीची गोळी रात्री घेतली की हार्ट अटॅक टळतो असा संदेश फिरतो आहे. बाबांची सकाळची गोळी रात्रीवर न्यावी का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

फक्त त्या संदेशावरून नको. त्याचं मूळ २०१९ च्या एका स्पॅनिश अभ्यासात आहे. रात्रीच्या गोळीने हृदयविकार जवळपास निम्मा होतो असं त्यात म्हटलं होतं, आणि त्याच्या पद्धतीवर तेव्हाच गंभीर शंका घेतल्या गेल्या. नंतर स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठाने ब्रिटनमधल्या २१,१०४ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं : एक गट सकाळी गोळी घेणारा, दुसरा रात्री. निम्म्या रुग्णांचा पाठपुरावा पाच वर्षांहून जास्त काळ झाला. हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने रुग्णालयात जाणं वा रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू, हे रात्रीच्या गटात ३.४ टक्के आणि सकाळच्या गटात ३.७ टक्के लोकांत घडलं. हा फरक योगायोगाच्या मर्यादेत बसतो. कॅनडात ३,३५७ रुग्णांवर झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचाही निष्कर्ष तोच.

तेव्हा बाबांच्या न चुकता लक्षात राहील ती वेळ उत्तम. एक अपवाद : गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल (हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, टॉरसेमाइड यांची नावं पाकिटावर बघा) तर ती सकाळीच बरी. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं आणि अंधारात पडून खुब्याचं हाड मोडतं, हे वयस्करांत नेहमी घडणारं आहे. एखादी गोळी चुकली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दोन औषधांची एकत्र गोळी दिली. इतकी घाई कशाला? (एक वाचक, नाशिक)

ही घाई नाही. दोन औषधं कमी मात्रेत एकत्र दिली की बीपी लवकर उतरतं आणि एकाच औषधाची मात्रा वाढवत नेल्याने होणारा त्रासही टळतो. भारतात १,९८१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत अशा तीन जोड्या ताडून पाहिल्या : अॅम्लोडिपिन-पेरिंडोप्रिल, अॅम्लोडिपिन-इंडापामाइड आणि पेरिंडोप्रिल-इंडापामाइड. तिन्ही सारख्याच गुणकारी ठरल्या, आणि सहा महिन्यांत सुमारे ७० टक्के रुग्णांचं बीपी १४०/९० च्या खाली आलं. पावलांवर सूज (अॅम्लोडिपिन) किंवा कोरडा खोकला (पेरिंडोप्रिल) आला तर गोळी आपणहून बंद न करता जोडी बदलून मागा.

कमी सोडियमचं मीठ खरंच उपयोगी आहे का? आम्ही सैंधव वापरतो, ते पुरेसं नाही का? (एक वाचक, सांगली)

सैंधव जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच आहे. बीपीच्या दृष्टीने त्यात आणि साध्या मिठात फरक नाही, आणि त्यात आयोडीन घातलेलं नसेल तर तोटाच. कमी सोडियमच्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. पाकिटावर हे नाव नसेल तर ते मीठ तुम्हाला हवं ते नाही.

याचा भक्कम पुरावा उत्तर चीनमधल्या ६०० गावांतून मिळाला. सिडनीच्या जॉर्ज इन्स्टिट्यूटने पेकिंग विद्यापीठासोबत केलेल्या या चाचणीत २०,९९५ माणसं होती. बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला, बाकीचे साठीपुढचे आणि बीपीचे रुग्ण. निम्म्या गावांना ७५ टक्के सोडियम आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मीठ दिलं. जवळपास पाच वर्षांत तिथे पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये निरोगी प्रौढांना घरात असं मीठ वापरण्याची शिफारस केली. तिथल्या खेड्यांसारखंच आपल्याकडेही बरंचसं मीठ घरच्या स्वयंपाकातून पोटात जातं, म्हणून हा बदल आपल्या घरांत लागू पडण्याजोगा आहे.

पण सगळ्यांनी हे मीठ घ्यायचं नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल, स्पायरोनोलॅक्टोन किंवा अमिलोराइड चालू असेल, तर पोटॅशियम रक्तात साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चीनच्या चाचणीतही अशांना घेतलं नव्हतं. एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन चालू असेल तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासून डॉक्टरांना विचारा. एका चुलीवर जेवणारं कुटुंब असेल तर घरातल्या प्रत्येकाचा विचार करा. सुनेने बीपीसाठी आणलेलं मीठ सासऱ्यांच्या मूत्रपिंडाला बाधू शकतं.

मीठ बदललं म्हणून सढळ हाताने घालू नका. दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, ही मर्यादा तीच. लोणचं, सुके बोंबील, सांडगी मिरची, फरसाण यांतलं मीठ त्यातच धरायचं. पापडखार आणि खाण्याचा सोडा हेही सोडियमच आहेत, चवीला खारट लागत नाहीत म्हणून हिशेबातून सुटतात.

रात्री आईचं बीपी अचानक १८६/१०४ आलं. शेजारच्यांनी जिभेखाली गोळी द्यायला सांगितलं. अशा वेळी नेमकं काय करावं? (एक वाचक, इचलकरंजी)

जिभेखाली निफेडिपिनची गोळी किंवा कॅप्सूल फोडून देऊ नका. बीपी झपकन कोसळतं आणि मेंदूला, हृदयाला रक्त कमी पडून पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येऊ शकतो. हे जुनं ज्ञान आहे, तरीही ही पद्धत अजून चालू आहे.

आधी त्रास काय होतो ते विचारा : छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक अंधुक दिसणं, न सोसणारी डोकेदुखी, भ्रम. यातलं एकही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून घ्या. पक्षाघाताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

काहीही त्रास नसेल तर त्यांना शांत बसवा, पाच मिनिटांनी नीट पट्टा लावून पुन्हा मोजा. आजची गोळी चुकली का, दुखण्यावर डायक्लोफिनॅकसारखी गोळी घेतली का, झोप झाली का, लघवी अडली आहे का ते पाहा. आकडा चढायची ही नेहमीची कारणं आहेत. नेहमीची गोळी राहिली असेल तर ती द्या, जास्तीची नको. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. आकडा १८०/१२० च्या आसपासच राहिला पण त्रास काही नसेल, तर रात्रीच दवाखान्यात धाव घ्यायची सहसा गरज नसते. क्लीव्हलँड क्लिनिकच्या २०१६ च्या अभ्यासात अशा ५८ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद पाहिली, तेव्हा लगेच रुग्णालयात पाठवलेल्यांना घरी पाठवलेल्यांपेक्षा जास्त फायदा झालेला दिसला नाही. मात्र दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून एक-दोन दिवसांत भेटाच आणि आकड्यांची वही सोबत न्या. गरोदर बाई असेल तर यातलं काहीही लागू नाही : १६०/११० किंवा त्याहून जास्त आलं की त्रास नसला तरी त्याच वेळी रुग्णालय गाठायचं.