डार्करूममध्ये फोटोचा प्रिंट करडा येतोय? आधी कड बघ
कॉन्ट्रास्टचे (काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी-जास्त करणारे) फिल्टर बदलत बसू नकोस, आधी प्रिंटची पांढरी कड बघ. कडच करडी असेल तर निगेटिव्हचा दोष नाही, बहुतेक कागदाला कुठून तरी उजेड लागतोय. कागदाच्या एका तुकड्याला एन्लार्जरखाली (निगेटिव्हचं चित्र कागदावर मोठं पाडणारं यंत्र) अगदी फिकी करडी छटा येईल इतकाच उजेड दे, वर रुपयाचं नाणं ठेव आणि सेफलाइटखाली (डार्करूमचा मंद रंगीत दिवा) ५ मिनिटं राहू दे. डेव्हलप केल्यावर नाण्याचा फिका गोल दिसला, तर चोर सापडला: सेफलाइटच. दाराखालची फटही बुजव, रस्त्यावरचे दिवे रात्रभर चालू असतात.

कड पांढरीशुभ्र, पण काळ्यात दम नाही? मग डेव्हलपरचं (चित्र उमटवणाऱ्या रसायनाचं) तापमान तपास. डेव्हलपरची वेळ साधारण २० अंशांसाठी दिलेली असते. मुंबईच्या मे महिन्यात तो सहज ३० वर जातो, चित्र भराभर उमटतं आणि घाबरून कागद लवकर उचलला जातो. मोठ्या परातीत बर्फाचं पाणी घेऊन ट्रे त्यात ठेव. प्रिंट गडद होत असेल तर एक्स्पोजर कमी कर, डेव्हलपरमधला वेळ मात्र पूर्ण दे.